एमडी म्हणजे नेमकं काय? ती पांढरी पूड लॅबमध्ये कशी ओळखतात?

ऑगस्ट २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीच्या किनाऱ्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली पाकिटं लाटांबरोबर येऊ लागली. आधी कर्दे, मग लाडघर, केळशी, कोळथरे, मुरुड, बुरोंडी, दाभोळ आणि पुढे गुहागरकडचं बोऱ्या. सीमाशुल्क विभाग आणि पोलिसांनी गोळा केलेला माल काही दिवसांत अडीचशे किलोंच्या वर गेला. तो चरस होता.

चरस ओळखणं त्यातल्या त्यात सोपं असतं. त्याला रंग असतो, वास असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गांजाच्या पानावरचे बारीक केस दिसतात. तो एका झाडापासून आला आहे हे लपत नाही. पण गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात ज्या अमली पदार्थाची सगळ्यात जास्त चर्चा झाली, त्याला ना रंग आहे, ना ठोस असा वास, ना झाड. ती पांढरी किंवा किंचित पिवळट पूड असते, कधी बारीक स्फटिक. साखर, तुरटी, अजिनोमोटो किंवा दुखण्याच्या गोळीचा चुरा शेजारी ठेवला तर डोळ्यांनी फरक कळत नाही. तिचं नाव मेफेड्रोन. बाजारातलं नाव एमडी.

एमडी आणि एमडीएमए एकच आहेत का?

नाही. सोशल मीडियावर हा घोळ रोज दिसतो, अनेकदा बातम्यांमध्येही. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, पार्ट्यांमध्ये रंगीत गोळ्यांच्या रूपात येणारा जुना पदार्थ. मुंबई-पुण्यात 'एमडी' म्हटलं की त्याचा अर्थ बहुतेक वेळा मेफेड्रोन असतो. युरोपात त्याला 'म्याव म्याव' हे टोपणनाव पडलं आणि आपल्याकडेही ते आलं. रसायनशास्त्रातलं त्याचं नाव ४-मेथिलमेथकॅथिनोन. यातल्या 'कॅथिनोन'चं मूळ खात नावाच्या झुडपात आहे. पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये या झुडपाची पानं लोक चघळतात आणि त्यातून थोडी तरतरी येते. मेफेड्रोन त्याच कुटुंबातलं, पण पूर्णपणे कारखान्यात बनणारं.

ते पहिल्यांदा १९२९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि मग जवळपास विसरलं गेलं. २००३ च्या सुमारास इंटरनेटवरच्या हौशी रसायनवाल्यांनी ते पुन्हा उकरून काढलं. कोणत्याच देशाच्या बंदी यादीत नाव नसल्यामुळे युरोपात ते 'झाडांचं खत' किंवा 'माणसांसाठी नाही' अशी लेबलं लावून उघडपणे विकलं गेलं. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाने त्याच वर्षाच्या शेवटी. भारतात ५ फेब्रुवारी २०१५ ला मेफेड्रोन एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. त्याआधीची काही वर्षं मुंबईत ते सापडलं तरी पोलिसांच्या हातात कायद्याचं फारसं बळ नव्हतं, आणि शहरात त्याचा बाजार पक्का झाला तो याच काळात.

शरीरात नेमकं काय होतं?

नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत परिणाम सुरू होतो. मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं एकदम मोठ्या प्रमाणात बाहेर सोडतात. माणूस बोलका होतो, थकवा जाणवत नाही, भूक मरते, झोप उडते. नाचत राहावंसं वाटतं. म्हणूनच हा 'क्लब ड्रग' म्हणून ओळखला जातो.

खरा धोका मात्र हा परिणाम किती लवकर संपतो यात आहे. दोन-तीन तासांत सगळं उतरतं आणि उतरताना चिडचिड, उदासी, अस्वस्थता सोडून जातं. मग माणूस पुन्हा घेतो, एकाच रात्रीत अनेकदा. 'एकदाच ट्राय केलं' हे वाक्य या पदार्थाच्या बाबतीत फारसं खरं ठरत नाही, कारण ती एक वेळ बहुधा एक रात्रभर चालते.

या काळात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढलेला राहतो. शरीराचं तापमान वाढतं. गर्दीच्या, कोंदट जागेत तासन् तास नाचणाऱ्या माणसाचं अंग भट्टीसारखं तापू शकतं आणि त्यातून स्नायू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होते. दुसरा धोका याच्या उलट्या बाजूचा आहे. तहान लागते म्हणून माणूस भरमसाट पाणी पितो, रक्तातलं सोडियम कमी होतं आणि मेंदूला सूज येते. केवळ मेफेड्रोनमुळे झालेला म्हणून नोंदला गेलेला पहिला मृत्यू स्वीडनमधल्या १८ वर्षांच्या मुलीचा होता, डिसेंबर २००८ मधला. तिच्या बाबतीत हेच घडलं होतं.

नियमित घेणाऱ्यांमध्ये नाकातून रक्त येणं, वजन घटणं, दात आवळणं, बोटं निळसर पडणं ही लक्षणं दिसतात. मानसिक परिणाम घरच्यांना जास्त छळतात. कोणीतरी आपला पाठलाग करतंय, फोन ऐकतंय, जेवणात काहीतरी घातलंय, असे संशय सुरू होतात. अनेक घरांत सुरुवातीला हे 'टेन्शन' किंवा 'बाहेरचं काहीतरी' म्हणून सोडून दिलं जातं. कोकणात तर या दुसऱ्या निदानावर बराच वेळ आणि पैसा जातो.

मेफेड्रोनवर उतारा नाही. अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनात नॅलॉक्सोन नावाचं औषध काही मिनिटांत श्वास परत आणू शकतं. एमडीच्या बाबतीत असं एकही औषध नाही. डॉक्टर शांत करणारी औषधं देतात, शरीर थंड करतात, सलाईन आणि सोडियमचं गणित सांभाळतात, हृदयावर लक्ष ठेवतात. त्यामुळे रुग्णाने काय घेतलं आहे हे त्यांना लवकर कळणं महत्त्वाचं ठरतं, आणि तिथेच अडचण सुरू होते.

घरच्या टेस्टिंग किटमध्ये एमडी सापडतं का?

ऑनलाइन मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या बऱ्याच पालकांनी मागवलेल्या असतात. त्यावर 'पाच ड्रग', 'दहा ड्रग' असं लिहिलेलं असतं. या पट्ट्या प्रामुख्याने गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अॅम्फेटामिन यांच्यासाठी बनवलेल्या असतात. मेफेड्रोनचा रेणू अॅम्फेटामिनच्या जवळचा असला तरी ही पट्टी त्याला खात्रीने पकडत नाही. त्यामुळे पट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणून मुलगा किंवा मुलगी काही घेत नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. उलटही घडतं. सर्दीची काही औषधं याच पट्ट्यांवर 'पॉझिटिव्ह' दाखवतात आणि घरात विनाकारण रणकंदन होतं.

वेळेचाही प्रश्न आहे. रक्तातलं मेफेड्रोन तासांच्या हिशोबात घटतं. लघवीत ते साधारण दोन-तीन दिवस सापडू शकतं. केसांमध्ये खुणा जास्त काळ राहतात, पण ती तपासणी खास प्रयोगशाळेतच होते. शिवाय कॅथिनोन गटातली रसायनं नमुन्यातही टिकत नाहीत. रक्ताची बाटली गरम जागेत पडून राहिली तर त्यातलं मेफेड्रोन बाटलीतच मोडत जातं. नमुना थंड ठेवला नाही, योग्य संरक्षक घातलं नाही, तर घेतलेला माणूसही अहवालात 'कोरा' निघू शकतो.

पोलिसांना पुडी सापडली की पुढे काय होतं?

छाप्याच्या जागी पोलिसांकडे एक छोटं किट असतं. त्यात काही रसायनांच्या कुप्या असतात. चिमूटभर पूड टाकली की रंग बदलतो. मार्क्विस नावाच्या चाचणीत एमडीएमए जांभळट-काळा रंग देतो, अॅम्फेटामिन नारिंगी-तपकिरी. मेफेड्रोन मात्र या चाचणीत जवळपास गप्प बसतं, फार तर हळूहळू पिवळसर होतं. म्हणून वेगवेगळ्या कुप्या वापराव्या लागतात. तरीही रंगाची चाचणी म्हणजे संशय, पुरावा नाही. ज्या दिवशी 'अमुक कोटींचं ड्रग जप्त' अशी बातमी फोनवर येते, त्या दिवशी बहुतेक वेळा एवढीच चाचणी झालेली असते. ही गोष्ट बातमी शेअर करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

त्यानंतर माल सील होतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढावे लागतात. अफू, गांजा, चरस असेल तर प्रत्येकी २४ ग्रॅम, बाकी पदार्थांचे ५ ग्रॅम, आणि प्रत्येक नमुना दुहेरी. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखीव राहतो. सील कुणी लावलं, वजन किती होतं, पाकीट कुणाच्या ताब्यात कधी होतं, याची साखळी कुठेही तुटली की बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, सुरुवात १९५८ ची. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. त्यानंतर ज्या लघु प्रयोगशाळा झाल्या, त्यांत रत्नागिरीचंही नाव आहे. पोलीस ठाण्यात या अहवालाला आजही 'सीए रिपोर्ट' म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनलायझरचा रिपोर्ट. 'सीए आला का?' हा प्रश्न कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतो. त्याचा हिशेबनिसाशी संबंध नसतो.

लॅबमधली मशीन काय बघते?

मुख्य यंत्राचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री. नाव लांबलचक आहे, काम दोन टप्प्यांचं. पहिल्या टप्प्यात नमुना विरघळवून, वाफ करून एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून पाठवला जातो. मिश्रणातले वेगवेगळे घटक नळीतून वेगवेगळ्या वेगाने सरकतात. एसटी स्टँडवरून एकाच वेळी सुटलेल्या गाड्या जशा चिपळूणला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, तसंच. कोणता घटक किती मिनिटांनी बाहेर पडला याची नोंद होते.

दुसऱ्या टप्प्यात बाहेर आलेल्या प्रत्येक घटकावर इलेक्ट्रॉनचा मारा होतो आणि रेणूचे तुकडे होतात. तुकड्यांची वजनं मोजली की एक नक्षी तयार होते. ती बोटांच्या ठशांसारखी मानली जाते आणि साठवलेल्या नक्ष्यांशी ताडून पाहिली जाते.

मेफेड्रोनच्या बाबतीत मात्र ही उपमा थोडी फसते. त्याच्या नक्षीत सगळ्यात ठळक तुकडा ५८ वजनाचा येतो. एमडीएमएचाही सगळ्यात ठळक तुकडा ५८ चाच, आणि मेथअॅम्फेटामिनचाही. म्हणजे नुसता सगळ्यात उंच खांब बघून निर्णय घेतला तर तीन वेगळे पदार्थ एकच वाटतील. मग बारीक खांब बघावे लागतात. मेफेड्रोनच्या रेणूचं पूर्ण वजन १७७, एमडीएमएचं १९३. मेफेड्रोनमध्ये ११९ आणि ९१ चे तुकडे दिसतात, एमडीएमएमध्ये १३५ चा.

याहून अवघड कोडं सख्ख्या भावांचं असतं. मेफेड्रोन म्हणजे ४-एमएमसी. त्यातला एक छोटा गट रेणूच्या कड्यावर चौथ्या जागेऐवजी तिसऱ्या जागी बसला की ३-एमएमसी होतं. वजन तेच, तुकडे जवळपास तेच. कायद्यात मात्र नावाला महत्त्व आहे, 'त्याच्यासारखं काहीतरी' असं लिहून चालत नाही. अशा वेळी नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेतला बारीक फरक बघतात, किंवा अवरक्त किरणांची चाचणी करतात. त्या किरणांना गट तिसऱ्या जागी आहे की चौथ्या, हे कळतं. पण ताडून पाहण्यासाठी दोन्ही पदार्थांचा शुद्ध, प्रमाणित नमुना लॅबकडे असावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत जगभर सापडलेले असे नवे पदार्थ १,२०० च्या पुढे गेले आहेत. प्रत्येकाचा शुद्ध नमुना कपाटात ठेवणं कोणत्याही जिल्ह्याच्या लॅबला जमणारं नाही.

लॅबने 'हे ड्रग नाही' असं सांगितलं तर?

हे महाराष्ट्रात घडलं आहे. मार्च २०१५ मध्ये, मेफेड्रोनवर बंदी येऊन जेमतेम महिना झाला असताना, मुंबईच्या मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातल्या घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी पूड जप्त झाली. पोलीस ठाण्यातल्या त्याच्या कपाटातूनही काही किलो निघाली. देशभर बातमी गाजली. पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत ती पूड मेफेड्रोन नसून मोनोसोडियम ग्लुटामेट असल्याचं समोर आलं. म्हणजे अजिनोमोटो, चायनीजच्या गाडीवर असतं ते.

दुसरं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२० मध्ये मुंबईत एका परदेशी नागरिकाला कोकेन बाळगल्याच्या आरोपाखाली अटक झाली. लॅबच्या अहवालात लिडोकेन, टॅपेंटाडोल आणि कॅफिन निघालं. यातलं काहीच एनडीपीएसच्या यादीत नव्हतं. अहवालात टायपिंगची चूक झाल्याचा खुलासाही करण्यात आला. तो माणूस दीड वर्षाहून जास्त काळ तुरुंगातच होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि राज्य सरकारला दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

सीए रिपोर्टवर इतकं का अवलंबून असतं, हे कायद्यातल्या आकड्यांवरून कळतं. मेफेड्रोनसाठी २ ग्रॅमपर्यंत 'अल्प' मात्रा आणि ५० ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक' मात्रा. अल्प मात्रेसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा. व्यावसायिक मात्रेसाठी किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख दंड. अशा गुन्ह्यात जामीन मिळणं फार कठीण, कारण आरोपी दोषी नसावा असं न्यायालयाला सकृतदर्शनी वाटावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की वजन शुद्ध ड्रगचं नाही, तर भेसळीसह पूर्ण मिश्रणाचं धरायचं. म्हणजे ५५ ग्रॅमच्या पुडीत मेफेड्रोन फक्त १० ग्रॅम आणि बाकी सगळी भेसळ असली, तरी प्रकरण व्यावसायिक मात्रेचंच. मित्रासाठी 'फक्त पार्सल पोहोचवणाऱ्या' कॉलेजच्या मुलाला हा हिशोब बहुधा पोलीस कोठडीत समजतो.

नियमांनुसार लॅबने अहवाल १५ दिवसांत देणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात त्याला अनेकदा महिने लागतात. तोवर आरोपी आत, आणि खरा विक्रेता असेल तर त्याच्याविरुद्धचा खटलाही अडकलेला. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे, पण निवडणुकीच्या सभेत लॅबमधल्या रिक्त जागांवर बोलणारा नेता सापडणं कठीण.

हे सगळं कोकणापर्यंत कसं आलं?

मेफेड्रोनला शेत लागत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही. रसायनांची सवय असलेली जागा पुरते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यातून ७०१ किलो मेफेड्रोन पकडलं, किंमत सुमारे १,४०० कोटी सांगितली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत पुणे, कुरकुंभ एमआयडीसी आणि दिल्ली मिळून १,७०० किलोंहून अधिक माल निघाला. जुलै २०२५ मध्ये रत्नागिरीच्या वेशीवरच्या महाड एमआयडीसीत केटामाइन बनवणारं युनिट उघडकीला आलं. केटामाइन हाही क्लब ड्रगच, मुळात भूल देण्याचं औषध.

महाडपासून घाट उतरला की खेड तालुक्यातली लोटे-परशुराम ही रासायनिक वसाहत लागते. तिथले बहुसंख्य कारखाने कायदेशीर औषधं, रंग आणि कीटकनाशकांसाठी लागणारा माल बनवतात. पण मंदीत बंद पडलेली, भाड्याने दिलेली शेड कुठल्याही एमआयडीसीत असू शकते. रात्री चालू होणारं 'बंद' युनिट आणि दारं-खिडक्या झाकलेली शेड शेजारच्या कामगारांच्या नजरेला आधी पडते. अशी माहिती नाव न सांगता देण्यासाठी केंद्राची १९३३ ही 'मानस' हेल्पलाइन आहे.

कुणी घेतलं असेल आणि तब्येत बिघडली तर?

अंग खूप तापलेलं असणं, छातीत दुखणं, झटके, बेशुद्धी किंवा टोकाचा संशय आणि हिंसकपणा दिसला तर १०८ ला फोन. रुग्णाला मोकळ्या, थंड जागी ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसा. तो शुद्धीत नसेल तर कुशीवर वळवा. बळजबरीने पाणी पाजू नका, लिंबू-ताक वगैरे उतारे करू नका. उरलेली पुडी किंवा तिचा कागद दिसला तर तो डॉक्टरांना दाखवा आणि किती वाजता, दारूबरोबर की नुसतं, हे खरं सांगा. रक्ताचा अहवाल येईपर्यंत डॉक्टरांकडे तेवढीच माहिती असते.

व्यसनातून बाहेर पडण्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयाशिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. 'लोक काय म्हणतील' म्हणून रत्नागिरीतली कुटुंबं पेशंटला थेट पुण्या-मुंबईला नेतात आणि त्यात आठवडे जातात.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी एनडीपीएस कायद्यातच एक तरतूद आहे, कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.